कुरडयांवरचं पाऊल

झाडावर गिधाड बसलं तर कुणाचं काही बिघडत नसे. माळवदावर बसलं तर घर सोडावं लागे. आमच्या घरामागची चिंच आणि आमचं माळवद यांत वीस हातांचंसुद्धा अंतर नव्हतं. एवढ्याशा अंतरात असं काय बदलतं, हे मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हापासून दिसेल त्याला विचारत होते. नवऱ्याला विचारलं तर ते गिरणीच्या भोंग्याकडं कान लावून जेवत असत. सासूबाईंना विचारलं की त्या एवढंच म्हणायच्या, "लई इचारतीस तू."

माझं माहेर मैंदर्गीचं. आमच्याकडं माहेरी नि सासरी कानडी आणि मराठी एकाच वाक्यात सुखानं नांदायच्या. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे. सासरचं घर शहराच्या अगदी टोकाला होतं. दगडमातीच्या चार खोल्या आणि वर मातीचं सपाट छत, तेच माळवद. अंगणातून दगडी पायऱ्या वर जायच्या. मधल्या खोलीत उजेड यावा म्हणून माळवदाला हातभर रुंदीचं एक भोक ठेवलेलं होतं. घराच्या पुढं नुसता माळ. शहरात टांग्याचं घोडं मेलं, कुणाची म्हैस मेली, की ती ओढत आणून त्या माळाच्या पलीकडच्या खळग्यात टाकायचे. त्यामुळं गिधाडांना आमची बाजू सोयीची होती. मागं पडीक जागा, तिथं एक बुजलेली विहीर आणि ती चिंच. चिंचेच्या पलीकडं एकच घर, ते सुईणीचं.

घरात आम्ही तिघंच. सासरे नव्हते. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना अंधार आणि उजेड कळे, माणूस हलला तर कळे, बाकी नाही. पण घर त्यांच्या हातात होतं. ज्वारीतला खडा त्यांच्या बोटाला लागायचा, माझ्या डोळ्यांना दिसायचा नाही. मी चुलीपाशी बसलेली असताना त्या बाहेरच्या ओसरीवरून सांगायच्या की दूध लागायला आलंय, खाली घे. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांचा रागही यायचा. सोळा वर्षांच्या सुनेला असतो तेवढा.

माळवद मात्र माझं होतं. सासूबाई पायऱ्या चढत नसत. वाळवण घालायचं, राखायचं, संध्याकाळी गोळा करायचं, या निमित्तानं मला दिवसातले तीन-चार तास वर मिळत. सोलापुरात लष्करी कायदा आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी झाली आणि चिंचेच्या शेंड्याला दोन गिधाडांनी काड्या आणायला सुरुवात केली. एक काडी आणायची, मांडायची, दुसऱ्यानं ती उपसून दुसरीकडं खोचायची. आमच्या घरात मी मांडलेली भांडी सासूबाई अशीच हलवायच्या, म्हणून मला लई गंमत वाटली.

मग मला नादच लागला. सकाळी ती लवकर उठत नाहीत, हे मला आधी कळलं. गिरणीचा भोंगा होऊन माणसं कामाला लागायची तरी ही चिंचेवर पंख पसरून उन्हाकडं पाठ करून बसलेली. ऊन तापलं की मग एकेक सुटायचं, आणि वर गेलं की पंख हलवायचंच नाही. कुणी तरी दोरीनं वर ओढून घेतंय तसं गोल गोल चढायचं. घरट्यात अंडं असताना दोघंही आळीपाळीनं बसत. त्यांतला नर कुठला, मादी कुठली, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. दिसायला दोघं सारखी, वागायला सारखी. हे मी एकदा नवऱ्याला सांगितलं. "म्हणजे त्यांच्यात बापही अंडी उबवतो," म्हटलं. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही.

संक्रांतीच्या सुमाराला घरट्यातून एक मळकट पांढरं डोकं वर आलं. एकच पिल्लू. मी चढणीच्या पहिल्या पायरीपासून वर बघत जायची, दिसलं की दिवस चांगला जायचा. वारा तिकडून आला की वास असा यायचा की पदर नाकाला लावल्याशिवाय उभं राहता येत नसे. चुन्यानं सारवल्यासारख्या फांद्या पांढऱ्या झालेल्या. सुईणबाई खालून ओरडायच्या, "अगं ए पोरी, काय बगतीयास त्या घाणीकडं?" आणि मी म्हणायची की कावळे हाकते आहे.

फाल्गुनात नणंद बाळंतपणाला आली. तिला बार्शीला दिलेली. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, पण तिची आधीची दोन मुलं जन्मली आणि राहिली नाहीत. एक तर गाडीतून माहेरी आणताना वाटेतच झालं होतं. म्हणून या खेपेला दोन महिने आधीच आणलं, आणि सुईणबाईंनी हात लावून बघितल्यावर ताकीद दिली, "पोरगी जाग्यावरनं हलायची न्हाय. गाडी न्हाय, टांगा न्हाय, पायरी न्हाय. मी शेजारीच हाय, हाक मारली की आले." मधल्या खोलीत, त्या उजेडाच्या भोकाखाली तिचं अंथरूण घातलं. ती पडल्या पडल्या भोकातून आभाळ बघायची आणि मला विचारायची, काय दिसतंय गं वर? मी गिधाडांचं सांगायची. घरात माझं ऐकून घेणारं ते पहिलंच माणूस. पिल्लाच्या अंगावर खरी पिसं फुटली, पिल्लू घरट्याच्या कडेला उभं राहून पंख मारतं, पण उडायचा धीर होत नाही, हे सगळं ती रोज ऐकायची. "उडालं की मला आदी सांग," म्हणायची.

आता त्या रितीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गिधाड ज्या घराला शिवलं त्या घरातल्या माणसांनी त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत बाहेर पडायचं. चुलीतला विस्तव विझवायचा, दाराला बाभळीची फांदी लावायची आणि महिनाभर दुसरीकडं राहायचं. तोवर त्या घरात कुणी पाऊल टाकणार नाही, सुईण तर नाहीच नाही. दोन गल्ल्या पलीकडं एका तेलुगू विणकराच्या घरावर गिधाड उतरलं होतं, तेव्हा ती माणसं मागावर अर्धं लुगडं तसंच सोडून धर्मशाळेत जाऊन राहिली होती. आम्ही लिंगायत. आमच्या घरी येणारे अय्या, म्हणजे आमचे स्वामी, सांगायचे की गळ्यात लिंग असलेल्याला शकुन नाही आणि अपशकुनही नाही. आणि महिना संपला की त्या घरावर पाणी शिंपडायला बोलावलं तर तेच अय्या जायचेही.

चैत्रातली दुपार होती. पहाटे मी आणि सासूबाईंनी गव्हाचा चीक शिजवला आणि मी वर नेऊन कुरडया घातल्या होत्या. जुन्या चादरीवर चार ओळी. चारच्या सुमाराला त्या वरून सुकलेल्या पण खाली ओल्या होत्या आणि मी काठीला काळं फडकं बांधून कावळे हाकत बसले होते. पिल्लू घरट्याच्या कडेवर उभं होतं. त्यानं पंख मारले, दहा वेळा मारायचं तसेच, आणि या वेळी त्याचे पाय सुटले. मी उठून उभी राहिले. ते चिंचेतून बाहेर पडलं, खाली आलं, पुन्हा वर जायला धडपडलं आणि सरळ आमच्या माळवदावर, कुरडयांच्या चादरीवर येऊन आदळलं.

माझ्या हातात काठी होती. हाकलायला हवं होतं. पण पाच महिने ज्याच्याकडं लांबून बघितलं ते चार हातांवर येऊन बसलं होतं, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर हेच, की बरं झालं, आता नीट बघून घेऊ. ते बकरीच्या करडाएवढं तरी होतं. चोच उघडी, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मानेवर मळकट पांढरी लव, लोकरीसारखी. मोठ्या गिधाडांची मान उघडी असते आणि पाठीवर पांढरं दिसतं. याच्या पाठीवर पांढरं काही नव्हतं, सगळं अंग तपकिरी. डोळा काळा आणि ओला. त्या डोळ्यात मला तरी वाईट काही दिसलं नाही, नुसती घाबरगुंडी दिसली. वासानं मात्र माझं डोकं भणाणून गेलं.

खालून नणंदेचा आवाज आला, "वर काय पडलं गं? माझ्या अंगावर माती सांडली."

त्या आवाजानं ते दचकलं. चादरीवरून दुडूदुडू धावलं, कुरडया त्याच्या नखांना चिकटल्या, कठड्यावरून त्यानं उडी घेतली आणि कसंबसं पंख मारत पलीकडून वळून चिंचेच्या दाट पानांत शिरलं. ते जाताना सुईणबाई आपल्या अंगणात शेंगा निवडत होत्या. त्यांच्या डोक्यावरूनच गेलं.

मी पायऱ्या उतरून येईपर्यंत त्या आमच्या फाटकापाशी पोचल्या होत्या. रोज सरळ स्वयंपाकघरात येणारी बाई फाटकाबाहेर थांबली होती. "काकू," त्यांनी सासूबाईंना हाक मारली, "तुमच्या माळवदावर गिधाड बसलं व्हतं. म्या बगितलं. आवरा समदं. दिवा लागायच्या आत भायेर पडा."

सासूबाई ओसरीवर आल्या. "माजी पोर कशी हलंल?" त्यांनी विचारलं.

"ते तुमी बगा. पर म्या आता ह्या घरात पाय न्हाय ठेवायची. माजा हात लेकरांना लागतोय, काकू. मला असलं चालत न्हाय."

मी विचारत सुटणारी बाई, पण रितीवर माझा विश्वास नव्हता असं मी आज म्हणाले तर ते खोटं होईल. अर्धा होता. त्याहून मोठी भीती समोर होती. नणंदेला गाडीत घातलं तर काय होईल ते एकदा होऊन गेलेलं होतं, आणि घरातच ठेवलं तर सुईण येणार नव्हती.

सासूबाई भिंत चाचपत पायऱ्यांपाशी गेल्या आणि माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच वर चढू लागल्या. मी मागून गेले. वर त्या चादरीपाशी बसल्या, हातानं ओळी चाचपल्या. मधल्या दोन ओळींत कुरडया फिसकटल्या होत्या आणि एका ठिकाणी पाऊल स्वच्छ उमटलं होतं, तीन बोटं पुढं, एक मागं. त्यांची बोटं त्या पावलावरून फिरली. मग चादरीचा तो कोपरा उचलून त्यांनी तोंडाजवळ नेला. त्या कुठलीही वस्तू अशीच अगदी जवळ नेऊन बघायच्या, म्हणून मला वेगळं काही वाटलं नाही.

त्यांनी कोपरा खाली ठेवला आणि सुईणबाईंना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात मला विचारलं, "मला काय दिसत न्हाय. तुला दिसतंय. कोन हुतं गं वर?"

मी भोकातून खाली बघितलं. नणंद उताणी पडून वर बघत होती, दोन्ही हात पोटावर. तिला माहीत होतं. रोज मीच तिला सांगत होते.

"गरुड," मी म्हणाले.

"काय सांगतीस?" खालून सुईणबाई.

"गरुडच व्हता. गिधाडाची मान उगडी असतीया, ह्याची पिसांनी भरलेली व्हती. पाटीवर पांढरं बी न्हवतं. तुमाला उडताना दिसलं का पांढरं?"

सुईणबाई विचारात पडल्या. चिंचेवरची गिधाडं त्यांच्या रोजच्या बघण्यातली, पाठीवरचं पांढरं त्यांना पाठ होतं. "न्हाय दिसलं," त्या हळूच म्हणाल्या. मी सांगितलेलं एकेक खरं होतं, फक्त गरुड खोटा होता. तरी त्यांचा पाय काही फाटकाच्या आत पडेना. "काकू, तिला गळ्यातल्या लिंगाची आन घेऊन सांगू दे की. मंग म्या येते."

माझा हात गळ्याकडं गेलाच होता. सासूबाईंनी तो वरच्यावर धरला. त्यांना तो दिसला कसा, कुणास ठाऊक. हललेलं कळायचं, तसं कळलं असेल.

"माज्या सुनंनं सांगितलं, तेवढं बास," त्या म्हणाल्या. "लिंग असल्या कामाला गळ्यात बांधल्यालं न्हाय. यायचं तर या, न्हाय तर ऱ्हावा."

सुईणबाई आल्या. आल्या त्या हात जोडतच वर आल्या. पावलाचा ठसा बघून त्यांनी गालात मारून घेतलं. विष्णूचं वाहन शंकराच्या घरी उतरलं, पोरीचं कल्याण झालं, असं चार वेळा म्हणाल्या, आणि मग त्यांनी त्या कुरडया मागितल्या. देवाच्या पायाच्या, प्रसादाला.

"देते की," सासूबाई म्हणाल्या. मला खाली धाडून त्यांनी आदल्या आठवड्याच्या डब्यातल्या पाच वाळलेल्या कुरडया आणवल्या आणि त्याच सुईणबाईंच्या ओटीत घातल्या. "ह्या बी त्याच चादरीवर वाळल्याल्या. तितल्या ओल्या हायती, न्हेता यायच्या न्हाईत." सुईणबाई गेल्यावर त्यांनी चादर गुंडाळली, चारी ओळींसकट, आणि मला म्हणाल्या की माळावर लांब नेऊन पुरून ये, आणि अंगणात अंघोळ करून मगच घरात ये. तीन दिवस गहू भिजवून केलेल्या कुरडया. गरुडाच्या पायाच्या आहेत म्हणून तरी ठेवतील, असं मला वाटलं होतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात नणंदेचाच घोर होता, मी जास्त विचार केला नाही.

सुईणबाईंनी त्या पाच कुरडया तळून सात घरी चुरा चुरा वाटला. दुसऱ्या दिवशी एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरच्या बाई वाटीभर दूध आणि लाह्या घेऊन आल्या, माळवदावर ठेवून गेल्या. दूध कावळ्यांनी प्यायलं. नवरा कामावरून आले तर गिरणीतसुद्धा कुणी तरी त्यांना गरुडाचं विचारलेलं. त्यांनी मला एकटीला गाठून विचारलं, खरंच का गं? मी म्हटलं, तुम्हाला गिधाडांचं सांगत होते तेव्हा तुम्ही जेवत होता, आता गरुडाचंही जेवतानाच विचारा.

बाहेर मी अशी बोलत होते, आतून जीव टांगणीला लागला होता. पोरीचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या जिभेनं झालं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि पिल्लू तर उडायला शिकत होतं. त्याला चिंचेहून सोयीची, सपाट, मोकळी जागा एकच दिसत होती. म्हणून दिवसभर डोळ्यांत तेल घालून मी वर बसू लागले. ते फांदीच्या टोकाला आलं की मी काठी आपटायची, ढेकूळ फेकायची. पाच महिने जे जवळ यावं म्हणून मी श्वास धरून बसायची, त्यालाच मी आता ढेकळं मारत होते. एक ढेकूळ त्याच्या पंखाला लागलं. ते हललं नाही, फक्त माझ्याकडं बघत राहिलं. मला फार वाईट वाटलं. मी त्या दिवशी जेवले नाही आणि सासूबाईंनी का म्हणून विचारलंही नाही.

नवव्या दिवशी सकाळी नणंदेला कळा सुरू झाल्या. सुईणबाई आल्या, चूल पेटवली, पाणी चढवलं. सासूबाई लेकीच्या उशाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू वर जा." मला वाटलं, पोर न झालेल्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत ठेवत नसतील. मी वर गेले. भोकावर एक सूप ठेवलं, उजेडापुरती फट सोडून.

बारा वाजून गेले असतील. ऊन असं की माळवदावर अनवाणी पाय ठरत नव्हते. खालून नणंदेचं ओरडणं येत होतं आणि मी सुपापाशी बसून कान देत होते, चिंचेकडं पाठ. मागं धप्प झालं. मी वळले. ते आलं होतं. या वेळी धडपडत नाही, पंख मिटून, व्यवस्थित.

खाली सुईणबाई म्हणाल्या, "वर कोण हाय वो? माती पडतीया."

"सून हाय," सासूबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "वाळवण राखतीया. तुमी तुमचं बगा."

त्या दिवशी वाळवण घातलेलंच नव्हतं. मी काठी उचलली नाही. आपटली असती तर ते दुडदुडलं असतं, पंख फडफडले असते, सुईणबाई बाहेर आल्या असत्या. मी उठून उभी राहिले तीसुद्धा बोटांवर. ते आणि मी, मध्ये पाच पावलं. त्यानं एक पाय पुढं टाकला, डोकं वाकडं करून सुपाकडं बघितलं. खालून येणारा आवाज त्यालाही नवा असणार. मीही बाळंतपण कधी बघितलं नव्हतं, त्यानंही नाही. आम्ही दोघंही ऐकत उभे राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. माझे तळपाय पोळून फोड आले ते संध्याकाळी दिसले. मध्ये एकदा खाली सगळं गप्प झालं. सुईणबाईंची चापट ऐकू आली, एक, मग दुसरी. मी मनातल्या मनात त्या पिल्लालाच म्हणाले, बाबा, मी चुकले असेन तर माझ्यावर घे.

मग लेकरू रडलं. बारीक, मग मोठ्यानं. त्या आवाजानं पिल्लानं मान ताठ केली, दोन उड्या मारल्या आणि माळाच्या बाजूला झेप घेतली. चिंचेकडं गेलंच नाही. ते वर चढत गेलं, आणि मला दिसलं की आता ते पंख हलवत नाही.

मुलगी झाली आणि राहिली. गिधाडांनी त्या चिंचेवर पुढं तीन वर्षं घरटं केलं, पण माळवदावर पुन्हा कुणी उतरलं नाही.

सहा वर्षांनी, अशाच कुरडयांच्या दिवसांत, ती पोर आजोळी आली होती. सासूबाई आता अंथरुणाला लागल्या होत्या, त्याच मधल्या खोलीत, त्याच भोकाखाली. सुईणबाईंकडून गोष्ट ऐकून पोर उड्या मारत आली, "अज्जी, मी व्हायच्या आदी आपल्या घरावर गरुड आला व्हता व्हय?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "जा, खेळ जा."

ती गेली. मी दारापलीकडच्या चुलीवर चीक ढवळत होते, हात थांबला. "अत्ती," मी सासूबाईंना म्हणाले, "तो गरुड नव्हता."

"ठाव हाय."

"कधीपास्नं?"

"चादर नाकाशी न्हेली तवापास्नं. डोळं गेलं व्हतं माजं, नाक न्हवतं गेलं. द्येवाच्या गरुडाला मेल्याल्या म्हशीचा वास कशाला येईल?"

मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. माळावर पुरायला लावलेल्या कुरडया. जुन्या डब्यातला प्रसाद. तू वर जा, म्हणालेल्या. आणि वरच्यावर धरलेला माझा हात. मी सहा वर्षं समजत होते की सासूबाईंनी माझ्यावर विश्वास टाकला म्हणून शपथ घेऊ दिली नाही.

"मग मला विचारलंत कशाला?"

"पोरीला वाचवायचं व्हतं. आंधळीचं कुनी ऐकलं असतं? तुज्याकडनं म्या बोलवून घेतलं, ते खोटं आपल्या दोघींचं. लिंगावर हात ठिवला असतास तर ते तुज्या एकटीच्या गळ्यात ऱ्हायलं असतं जलमभर. ठिवला असतास न्हवं?"

"ठेवला असता."

"म्हनून," त्या म्हणाल्या.

चीक लागायला आला होता. त्यांनी वासानं ओळखून मला हात केला, मी पातेलं उतरवलं आणि पदरानं डोळे पुसत त्यांच्यापाशी येऊन बसले. त्यांनी भोकातून येणाऱ्या उजेडाकडं तोंड केलं.

"जवळनं कसं दिसतंय गं ते?" त्यांनी विचारलं. "तू दोनदा बगितलंस. नखं केवढी? मानंवर पिसं असत्यात म्हनालीस, ते खरं का तवा बनवलंस?"

"लई इचारताय तुमी," मी म्हणाले, आणि नखांपासून सांगायला सुरुवात केली.